बंब म्हातारा कधी होतो?

रस्त्यावरून घंटा वाजवीत लाल बंब धावू लागला की आपण सारे बाजूला होतो. बस थांबते, रिक्षा कडेला जाते, सायकलवाला पाय टेकतो. त्या क्षणी आपण गृहीत धरतो की बंब वेळेवर पोहोचेल, पाण्याचा फवारा जोरात सुटेल आणि हवा तितका वेळ सुटत राहील. पण बंब हेही शेवटी एक यंत्रच आहे. ते झिजते, गंजते, थकते. मग तो बंब केव्हा बदलायचा? दहा वर्षांनी, पंधरा वर्षांनी, की रस्त्यात बंद पडेल तेव्हा?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. १ एप्रिल २०२३ पासून आपल्या देशात एक नियम लागू झाला. केंद्र व राज्य सरकारे, महानगरपालिका, नगरपालिका आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या मालकीच्या ज्या वाहनांना पंधरा वर्षे पूर्ण झाली, त्यांची नोंदणी पुढे चालू राहणार नाही, ती मोडीत काढावीत, असा तो नियम. देशाचे संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठी लागणाऱ्या खास वाहनांना त्यातून सूट होती; आगीच्या बंबांचा मात्र त्यात नावाने उल्लेख नव्हता. त्यामुळे कितीतरी शहरांपुढे पेच पडला. पंधरा वर्षांचा बंब काढून टाकावा, तर नवा येईपर्यंत काय करायचे? आणि ठेवावा, तर त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा?

या प्रश्नाचा निकाल कागदावर लागतो हे खरे, पण त्याची मुळे तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहेत. ती आपण आज शोधू या.

अडीच मिनिटांचे पाणी

आपल्या शहरांत सर्रास दिसणाऱ्या मध्यम आकाराच्या बंबाच्या टाकीत सुमारे ४,५०० लिटर पाणी मावते. त्याचा पंप मिनिटाला १,८०० लिटर पाणी फेकू शकतो असे समजा. आता भागाकार करा. उत्तर येते अडीच मिनिटे! पंप पूर्ण जोरात चालवला तर एवढ्या वेळात टाकी कोरडी.

म्हणजे बंब ही पाण्याची गाडी कमी आणि पंपाची गाडी अधिक आहे. टाकीतले पाणी पहिल्या तडाख्यापुरते. त्यानंतर दुसऱ्या टँकरमधून, रस्त्याकडेच्या नळातून, नाहीतर विहीर, तलाव, नदी यांतून पाणी ओढून ते आगीवर फेकत राहायचे. म्हणून बंबाचे वय मोजायचे तर आधी त्याच्या पंपाची नाडी पाहिली पाहिजे.

पाण्याची ताकद मात्र कमी लेखू नका. ३० अंश सेल्सियसच्या एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ व्हायला सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता लागते. दर सेकंदाला एक लिटर पाणी आगीत नेमके पडले आणि त्या सर्वांची वाफ झाली, तर ते २,५०० किलोवॉटची उष्णता शोषून घेईल. प्रत्यक्षात बरेचसे पाणी वाफ न होता खाली वाहून जाते, हे खरे. तरीही पाण्याइतके स्वस्त आणि समर्थ शस्त्र दुसरे नाही. मात्र ते आगीपर्यंत पोहोचले पाहिजे, आणि तेही वेळेवर.

वेळेचा हिशेब तर फारच कठोर आहे. आग वेळेच्या प्रमाणात वाढत नाही. सुरुवातीच्या काळात तिची उष्णता साधारणपणे वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे अभियंते मानतात. मध्यम वेगाने वाढणारी आग पाच मिनिटांत १,००० किलोवॉटपर्यंत जाते, असे त्यांचे गणित आहे. जळायला सामान आणि हवा पुरेशी मिळाली तर दहाव्या मिनिटाला ती किती होईल? दुप्पट नव्हे, चौपट! बंबाचा सेल्फ लागला नाही आणि पाच मिनिटे गेली, तर जवानांपुढे चौपट मोठी आग उभी असते.

दहा टक्क्यांचे मोल

बंबातील पंप केंद्रोत्सारी जातीचा असतो. त्याच्या पोटात पाती असलेले एक चक्र वेगाने फिरते. चक्राच्या मध्याशी शिरलेले पाणी पात्यांबरोबर फिरून बाहेरच्या कडेला फेकले जाते आणि त्याचा दाब वाढतो. ओल्या छत्रीची मूठ धरून ती गरागरा फिरवली की थेंब कडेवरून उडतात, तसाच हा प्रकार.

या पंपाचा एक नियम लक्षात ठेवा : चक्राच्या फेऱ्या दुप्पट केल्या तर दाब चौपट होतो, म्हणजे दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. आता हाच नियम उलटा लावून पाहा. जुन्या इंजिनाचा दम कमी झाला आणि पंपाच्या फेऱ्या दहा टक्क्यांनी घटल्या. दाब किती उरेल? ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.८१. फेऱ्या दहा टक्के घटल्या, दाब एकोणीस टक्के घटला.

“एकोणीस टक्के म्हणजे काही फार नाही,” असे तुम्ही म्हणाल. तर मग पुढचा हिशेब पाहा. नवा पंप दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोग्रॅम दाब देतो असे धरू. एवढा दाब पाण्याचा ७० मीटर उंच स्तंभ तोलून धरतो. पण हे सारे ७० मीटर आपल्याला उंची चढायला मिळत नाहीत. नळीच्या टोकाशी फवारा जोरात सुटावा म्हणून ३० मीटरइतका दाब तिथे शिल्लक लागतो असे समजा. लांबलचक नळीच्या आतल्या घर्षणात आणखी १० मीटर खर्च होतात. उरले ३० मीटर. एक मजला ३ मीटरचा धरला तर दहा मजले.

आता थकलेला बंब घेऊ. त्याचा दाब ७० च्या ०.८१ पट, म्हणजे सुमारे ५७ मीटर. फवाऱ्याचे ३० आणि घर्षणाचे १० मीटर वजा करा. उरले १७ मीटर. मजले किती झाले? जेमतेम पाच-सहा!

हिशेब ढोबळ आहे. नळीचा व्यास, तिची लांबी आणि पाण्याचा प्रवाह यांनुसार आकडे बदलतील. पण त्यातले तत्त्व पक्के आहे. इंजिनातली उणीव दहा टक्क्यांची, आणि आठव्या मजल्याच्या खिडकीत उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ती उणीव शंभर टक्क्यांची. ठरलेले खर्च आधी वजा होतात आणि तूट नेमकी उरलेल्या शिलकीवर पडते. घरखर्चाच्या हिशेबातही असेच घडते, नाही का?

फेऱ्या कायम राहिल्या तरी पंप झिजतोच. फिरते चक्र आणि त्याभोवतीचे स्थिर कवच यांच्यामध्ये अगदी बारीक फट ठेवलेली असते. नदी-नाल्याच्या पाण्याबरोबर वाळू आली की ती फट रुंदावते. मग दाबाखालचे पाणी पुढे नळीत जाण्याऐवजी त्या फटीतून मागे फिरते. इंजिन तितकेच डिझेल पिते, पण काम कमी होते.

हवेची करामत

तलावाचे पाणी पंप वर ओढतो असे आपण म्हणतो. पण ते बरोबर नाही, हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. पंप नळीतली हवा काढून घेतो आणि तलावावर दाब देणारे वातावरण पाण्याला नळीत वर ढकलते. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला ७६० मिलिमीटर पाऱ्याइतका, म्हणजेच सुमारे १०.३ मीटर पाण्याइतका असतो. त्याहून खोल असलेले पाणी जगातला कुठलाही पंप नुसत्या शोषणाने वर आणू शकत नाही. व्यवहारात तर सुमारे सात मीटरच्या पुढे जाणे कठीण असते.

म्हातारपण इथे लगेच उघडे पडते. रबरी वेष्टणे कडक होतात, झडपा नीट बसत नाहीत, जोडांतून हवा आत शिरते. नळीत निर्वात टिकला नाही तर काठोकाठ भरलेल्या तलावाच्या कडेला बंब तहानलेला उभा राहतो!

याची परीक्षा पाण्याचा एक थेंबही न वापरता घेता येते. पंपाची सगळी तोंडे बंद करून आतली हवा काढतात आणि निर्वातमापकाचा काटा पाहतात. अमेरिकेतल्या प्रमाणित चाचणीत हा निर्वात सुमारे ५६० मिलिमीटर पाऱ्याइतका करावा लागतो, आणि पुढच्या पाच मिनिटांत तो सुमारे २५० मिलिमीटरपेक्षा अधिक घसरून चालत नाही. ५६० मिलिमीटरच का? त्याला पाऱ्याच्या घनतेने, म्हणजे १३.६ ने गुणून पाहा. सुमारे ७.६ मीटर पाणी येते. वर सांगितलेल्या सात मीटरशी त्याचा मेळ कसा बसतो, पाहिलेत ना?

करून पाहा

हीच परीक्षा तुम्ही वर्गात करू शकता. औषधाच्या दुकानातून एक नवी सिरिंज आणा. सुई मुळीच लावू नका. दट्ट्या पूर्ण आत सारून तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या बाहेर ओढून सोडा. तो झटकन परत आत जाईल, कारण बाहेरची हवा त्याला ढकलते. आता बोट किंचित सैल ठेवून तेच करा. दट्ट्या परत जाणार नाही. आत हवा शिरली. सैल बोट म्हणजे म्हाताऱ्या बंबाची फाटकी वेष्टणे.

दुसरा प्रयोग घराबाहेर करा. एका परातीत अर्धे पाणी घेऊन भरभर चाला आणि एकदम थांबा. पाणी हिंदकळून पुढे उडेल. मग झाकण लावलेली काठोकाठ भरलेली बाटली घेऊन तसेच करा. काही होणार नाही. बंबाची टाकी अर्धी असताना वळणावर हजारो किलोग्रॅम पाणी जडत्वामुळे एका बाजूला धावते आणि गाडी उलटू पाहते. म्हणून टाकीच्या पोटात भोके असलेले आडवे-उभे पडदे बसवतात. जुन्या लोखंडी टाकीत हे पडदे गंजून सुटले तर बाहेरून काहीच दिसत नाही, पण बंब चालवणे धोक्याचे होऊन बसते. हल्ली स्टेनलेस स्टीलच्या किंवा प्लॅस्टिकच्या टाक्या वापरू लागले आहेत, त्या याचसाठी.

ब्रेकचा विचारही करा. पाण्यासह १२ टनांचा बंब ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जात आहे. त्याची गतिज ऊर्जा साडेतेरा लाख ज्यूल भरते. तो थांबवायचा तर ही सारी ऊर्जा मुख्यतः ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरली पाहिजे. एवढ्या उष्णतेने चार लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. गर्दीच्या रस्त्यावर असे दहा वेळा थांबावे लागले, तर ब्रेकची काय अवस्था होत असेल याची कल्पना करा.

मीटर खोटे बोलतो

जुनी मोटार विकत घेताना लोक आधी विचारतात, “किती किलोमीटर चालली?” बंबाच्या बाबतीत हा प्रश्न फसवा आहे. आग केंद्रापासून तीन किलोमीटरवर लागली. बंब गेला, चार तास जागेवर उभा राहून पंप चालवला आणि परत आला. मीटरवर नोंद झाली सहा किलोमीटरांची. पण चार तास इंजिन पूर्ण भारावर चालले, कारण पंपाला शक्ती त्याच इंजिनातून मिळते. इंजिनाचा एक तास म्हणजे साधारण ५० किलोमीटरची धाव, असा एक ठोकताळा आहे. म्हणजे सहा किलोमीटरांच्या मागे आणखी २०० किलोमीटरांची झीज लपली. म्हणून समंजस दले किलोमीटरांबरोबर इंजिनाचे तासही मोजतात.

उलट, एखाद्या लहान गावचा बंब महिनोन्महिने उभाच असतो. तो तरुण राहतो का? तसेही नाही. रबर हवेतल्या ऑक्सिजन आणि ओझोनमुळे उभ्या उभ्या चिरते. टायरची नक्षी नव्यासारखी दिसली तरी आतले रबर कडक झालेले असते. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा समुद्रकाठच्या गावी खारी हवा लोखंडाला गंज चढवते. विजेच्या तारांच्या जोडांवर मळी बसते आणि त्यांचा रोध वाढतो. काळ आणि काम ही दोन्ही यंत्राला म्हातारे करतात, आणि प्रत्येक बंबाच्या वाट्याला त्यांचे प्रमाण निरनिराळे येते.

मग निकष कोणता?

अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या संस्थेने या बाबतीत दुहेरी शिफारस केली आहे. नीट देखभाल झालेला बंब पंधरा वर्षांनंतर पहिल्या फळीतून काढून, सुरक्षेच्या सुधारणा करून, राखीव ठेवावा. आणि पंचवीस वर्षांनंतर निवृत्त करावा. शिवाय दरवर्षी पंपाची चाचणी घ्यावीच. म्हणजे वर्षांची मर्यादा आहे, पण तिच्या जोडीला मोजमापही आहे.

राखीव बंबाचे महत्त्व कळण्यासाठी संभाव्यतेचे थोडे गणित करू. एका केंद्रात दोन बंब आहेत. प्रत्येक बंब सरासरी वीस दिवसांतून एक दिवस दुरुस्तीत असतो. दोन्ही एकाच दिवशी बंद असण्याची संभाव्यता १/२० गुणिले १/२०, म्हणजे ४०० दिवसांत एक दिवस. वर्षाकाठी सुमारे एकदा. आता बंब जुने झाले आणि प्रत्येक जण पाच दिवसांतून एक दिवस दुरुस्तीत जाऊ लागला. दोन्ही एकदम बंद असण्याची संभाव्यता १/२५. वर्षाला सुमारे पंधरा दिवस! बिघाड चौपट झाला, पण केंद्र रिकामे असण्याचा धोका सोळापट झाला.

म्हणून जुना बंब ठेवावा की काढावा, या वादात दोन्ही बाजूंना काही तथ्य आहे. ठेवा म्हणणारा सांगतो, “नवा येण्याआधी जुना काढलात तर केंद्रच ओस पडेल.” काढा म्हणणारा सांगतो, “नादुरुस्त बंबाच्या भरवशावर जवानांना आगीत पाठवणे हा अन्याय आहे.” दोघांनाही मान्य व्हावा असा मार्ग अंकगणितात आहे. ज्या शहरात ३० बंब आहेत आणि बंबाचे आयुष्य १५ वर्षे धरले आहे, तिथे दरवर्षी दोन नवे बंब घेतले पाहिजेत. पाच वर्षे पैसे वाचवले तर सहाव्या वर्षी दहा बंबांची थकबाकी डोक्यावर येते. शिवाय ते सगळे एकदम घेतले तर पंधरा वर्षांनी सगळे एकदम म्हातारे होतात. पैशाचीही सोय लागते. २०२३ मध्येच केंद्र सरकारने राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. पण बंब विकत घेणे ही एकदा करून विसरण्याची गोष्ट नव्हे. ती दरवर्षी फेडायची बाब आहे.

बदलाला विरोध हाही काही आजचा नाही. ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी लंडनमध्ये १८२९ साली वाफेवर चालणारा बंब तयार केला. तरीही तिथल्या दलात त्यानंतर सुमारे तीस वर्षे माणसे हातानेच पंप हापसत राहिली. पुढे वाफ आली, मोटार आली. लंडनच्या दलातला शेवटचा घोडा निवृत्त झाला तो १९२१ साली. जुने साधन सवयीचे असते आणि सवयीच्या वस्तूवर आपला विश्वास बसतो. पण आगीला आपल्या सवयींची पर्वा नसते.

केंद्राला भेट द्या

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाबरोबर स्फोटके होती. प्रचंड स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेल्या ६६ जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळतात.

शिक्षकांनी आधी परवानगी काढून या सप्ताहात विद्यार्थ्यांना जवळच्या अग्निशमन केंद्रात जरूर न्यावे. तिथे नुसती शिडी आणि घंटा पाहून परत येऊ नका. तिथल्या जवानकाकांना चार प्रश्न नम्रपणे विचारा आणि उत्तरे वहीत लिहून घ्या. हा बंब कोणत्या सालचा? त्याच्या इंजिनाचे तास किती झाले? पंपाची शेवटची चाचणी केव्हा झाली आणि तेव्हा दाब किती भरला? हा बंब दुरुस्तीला गेला तर त्याच्या जागी कोणता येतो?

या चार उत्तरांवरून तुम्ही वर्गात बसून सांगू शकाल की तुमच्या गावचा बंब तरुण आहे, प्रौढ आहे की म्हातारा. दाबाचा आकडा मिळाला तर त्याला दहाने गुणा, वरचे खर्च वजा करा आणि तीनने भागा. मग आपल्या गावातल्या सर्वांत उंच इमारतीचे मजले मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.